व्हॅनचं वय विचारू नका, खाली वाकून क्रॉस हलवून बघा

(पोस्ट मोठी आहे. पण ज्यांची मुलं रोज व्हॅनने शाळेत जातात त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.)

गेल्या पावसाळ्यात मी एक बातमी लिहिली होती. जेमतेम पाच ओळींची. मथळा होता, "चालकाचे प्रसंगावधान, व्हॅनमधील १३ विद्यार्थी बालंबाल बचावले."

आज त्या बातमीबद्दल माफी मागायची आहे. बातमी खोटी नव्हती. पण अर्धी होती. आणि उरलेली अर्धी मला दुसऱ्याच दिवशी कळली होती, तरी मी ती लिहिली नाही.

झालं होतं असं. आपल्या फैजपूरच्या शाळांमध्ये आजूबाजूच्या खेड्यांतून मुलं घेऊन येणाऱ्या ज्या जुन्या ओम्नी आहेत, त्यातली एक. गावाचं आणि ड्रायव्हरचं नाव लिहीत नाही, कारण मला एका माणसाला फाशी द्यायची नाहीये. गतिरोधक उतरताना गाडीच्या पोटाखाली धाडकन आवाज झाला. इंजिन चालू, गिअर पडलेला, पण गाडी पुढे जाईना. खाली बघितलं तर लांब लोखंडी शाफ्ट मागच्या टोकाला सुटून रस्त्यावर लोळत होता. वेग नव्हता म्हणून निभावलं. मुलं रडली, पालक धावले, कोणीतरी मोबाइलवर शूटिंग केलं, ड्रायव्हरचं कौतुक झालं. मी बातमी पाठवली आणि जेवायला घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सहज त्या गॅरेजवर डोकावलो. मिस्तरी चाचांनी काही न बोलता माझ्या तळहातावर एक तुटका तुकडा ठेवला. अधिक चिन्हासारखा, चार टोकांचा. त्यातलं एक टोक झिजून निम्मं झालेलं, दुसरं तुटलेलं. टोपीसारख्या वाटीत ग्रीसचा थेंब नाही, नुसती तांबडी भुकटी.

चाचा म्हणाले, "भाऊ, हा काय काल तुटला नाही. हा दोन महिने बोंबलत होता. ऐकणारं कोणी नव्हतं."

आणि मला आठवलं. घटनेच्या तीन आठवडे आधी मी स्वतः त्याच व्हॅनमध्ये सावद्याहून फैजपूरला आलो होतो. पुढच्या सीटवर. क्लच सोडला की बुडाखाली "टक". गिअर बदलला की "टक". मी विचारलंही होतं. ड्रायव्हर हसून म्हणाला, "काही नाही भो, जुनी गाडी आहे, बोलते थोडी." मीही हसलो. उतरलो. आभार मानले.

म्हणजे तो आवाज मी ऐकला होता. १३ मुलं रोज ऐकत होती. त्यांचे आईबाप गाडी दारात थांबली की ऐकत होते. शाळेच्या गेटवरचा शिपाई ऐकत होता. मग हे प्रसंगावधान कसलं? प्रसंग येऊ दिला ते अवधान कुठे गेलं होतं?

हा क्रॉस म्हणजे काय, ते आधी समजून घ्या

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली आणि ओढणारी चाकं मागे. इंजिनची ताकद मागच्या हौसिंगपर्यंत न्यायला मधे एक लांब नळीसारखा शाफ्ट असतो, प्रोपेलर शाफ्ट. आता इंजिन आणि गिअरबॉक्स जागेवर बांधलेले, पण मागचं हौसिंग पाट्यांवर बसलेलं. खड्डा आला की ते वर-खाली होणार. मग सरळ दांडा चालेल का? मोडून जाईल. म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना वाकता येणारा सांधा लागतो. त्या सांध्याच्या पोटात तो अधिक चिन्हासारखा तुकडा. त्याला आपल्याकडे क्रॉस म्हणतात. चार टोकांवर चार कप, कपांमध्ये सुईसारखे बारीक रोलर, आणि कप निसटू नये म्हणून लॉक. बस, एवढंच.

युरोपात चारशे-पाचशे वर्षांपूर्वी कार्डानो आणि नंतर हूक या विद्वानांच्या नावाने हा सांधा ओळखला जाऊ लागला. तेव्हापासून तो मुळात तसाच आहे. साधा, मजबूत, स्वस्त. ओम्नीत आहे, कमांडर जीपमध्ये आहे, केळीच्या ट्रकमध्ये आहे, ट्रॅक्टरवरून रोटाव्हेटर चालतो त्याही दांड्यात आहे. आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हा सांधा मी समजावून सांगायची गरज नाही. रोटाव्हेटरच्या क्रॉसला तो आठवणीने ग्रीस मारतो. स्वतःची पोरं बसतात त्या गाडीखाली मात्र वाकून बघत नाही.

चाळीसच्या स्पीडला हा शाफ्ट मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेरे मारतो. माणूस बसतो त्याच्या वीतभर खाली. मधे फक्त पत्रा. मागचा क्रॉस तुटला तर शाफ्ट लोळतो, घासतो, पत्र्यावर आपटतो. ब्रेकची आणि पेट्रोलची नळी याच पोटाखालून जाते हे लक्षात ठेवा. आणि पुढचा क्रॉस तुटला तर शाफ्टचं पुढचं टोक खाली पडतं. वेगात असताना ते टोक खड्ड्यात रुतलं तर गाडी काठीवर उडी मारल्यासारखी उचलली जाऊ शकते. त्या दिवशी मागचा तुटला, गतिरोधकावर तुटला. यात ड्रायव्हरचं प्रसंगावधान शून्य. नशीब शंभर टक्के.

तो न सांगता तुटत नाही

माझा सगळा राग इथे आहे. टायर फुटतं तेव्हा सांगून फुटत नाही. क्रॉस मात्र आठवडेच्या आठवडे सांगत असतो. त्याची भाषा ही अशी:

१) सुरुवातीला हळू गाडीत चिमणीसारखी बारीक चिवचिव. वेग वाढला की ती वाढते, थांबली की बंद. सुया कोरड्या पडल्याचं हे लक्षण.

२) मग "टक". क्लच सोडताना, ॲक्सिलरेटर सोडून परत दाबताना, पुढून रिव्हर्स टाकताना. म्हणजे टोक झिजलं, कपात जागा झाली.

३) मग ठराविक वेगाला सीटखाली थरथर. हे टायरच्या बॅलन्सिंगनेही होतं, म्हणून तेवढ्यावरून निकाल देऊ नका. पण टक आणि थरथर दोन्ही असेल तर गाडी तिथेच उभी करा.

४) कपाच्या कडेला तांबडी भुकटी. हा शेवटचा निरोप समजा.

तपासायला मशीन लागत नाही. सपाट जागा, इंजिन बंद, चावी खिशात, चाकांना पुढून-मागून दगड, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल. सायलेन्सर थंड होऊ द्या, हात भाजतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जायचं नाही. मग एक हात शाफ्टवर, दुसरा क्रॉसच्या पलीकडच्या तुकड्यावर, आणि कपडे पिळतो तसं उलट-सुलट पिळायचं. नंतर वर-खाली हलवायचं. डोळ्याला हालचाल दिसली की क्रॉस गेला. "थोडासाच आहे" असलं काही नसतं.

इथे एक चूक सगळेच करतात. शाफ्ट फिरवला की थोडा मोकळा लागतो, तो मागच्या हौसिंगमधल्या दात्यांचा असतो. तो थोडा असतोच. तेव्हा सांध्याच्या दोन्ही बाजू सोबत फिरतात. क्रॉस गेलेला असेल तर एक बाजू हलते आणि दुसरी जागेवर राहते. हा फरक न कळल्यामुळे काही जण चांगलं हौसिंग खोलून बसतात, आणि काही जण गेलेल्या क्रॉसला "हौसिंगचा प्ले आहे" म्हणून सोडून देतात. आणखी एक. ज्याच्यात प्ले नाही तोही चांगला असेलच असं नाही. शाफ्ट काढून सांधा हाताने वाकवला आणि मधेच खटकन अडकला, तर सुयांनी टोकांवर चऱ्या पाडल्यात. तोही बदलायचा.

(अल्टो, वॅगनआरसारख्या पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाड्यांत हा शाफ्ट नसतो. तिथे पुढच्या एक्सलचा जॉइंट आणि त्यावरचा रबरी बूट बघायचा. बूट फाटून ग्रीस उडालेलं दिसलं, स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना कट-कट-कट आवाज आला, की तीच गोष्ट समजा.)

आणि दुरुस्ती? तिथेही आपली बोंब

दोन्ही क्रॉस आणि मजुरी मिळून हा हजार-दोन हजारांचा मामला. एका मुलाची दोन-तीन महिन्यांची व्हॅनची फी. तेवढ्यासाठी काय काय चालतं ते मी गेल्या काही महिन्यांत गॅरेजांवर बसून बघितलं.

कप बसतो ते भोक झिजून मोठं झालं, की कपाला वेल्डिंगचा टाका मारतात. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापून मधे घालतात. घणाने ठोकून कप बसवतात, त्यात एखादी सुई आडवी पडते आणि नवा क्रॉस महिनाभरात जातो. मग म्हणतात, "माल डुप्लिकेट निघाला." माल डुप्लिकेट असतोही. पण प्रत्येक वेळी मालच दोषी कसा?

नीट काम करणारे मिस्तरी आहेत, त्यांचं काम बघून घ्या. शाफ्ट काढायच्या आधी ते शाफ्टवर आणि फ्लॅन्जवर खूण करतात, म्हणजे परत बसवताना तोच जोड तसाच लागतो. नाहीतर नवीन क्रॉस टाकूनही थरथर राहते. चाकांना दगड लावतात, कारण शाफ्ट निघाला की गाडी गिअरमध्ये टाकलेली असली तरी गिअर तिला धरून ठेवत नाही. कप व्हाइसमध्ये दाबून काढतात, भोक बोटाने चाचपतात. ते लांबट झालं असेल तर स्पष्ट सांगतात की शाफ्टच बदला. सुया ग्रीसमध्ये उभ्या रचतात, लॉक खाचेत पूर्ण बसलं का ते बघतात. शेवटी सांधा चारही दिशांना हाताने वाकवतात. अडकायला नको आणि खडखडायलाही नको. दोन-तीन दिवसांनी गाडी परत बोलावून बोल्ट बघतात.

असा मिस्तरी पन्नास-शंभर रुपये जास्त मागतो, म्हणून आपण त्याला महागडा म्हणतो.

आता दोष कुणाचा, ते बोलू

ड्रायव्हरचा आहेच. १३ मुलं कोंबली की मागच्या पाट्या बसतात, हौसिंग वर येतं, शाफ्टचा कोन बिघडतो आणि क्रॉसवर ताण वाढतो. पावसात चिखल-पाणी कपात शिरतं, ग्रीस धुऊन जातं. शाळा सुटली की तीच गाडी लग्नाला, तीच मनुदेवीला. हे त्याला माहीत आहे. पण तो दरमहा फीसाठी कोणाकोणाच्या दारात उभा राहतो तेही मी बघितलंय. सहा-सहा महिने फी थकवणारे पालकच अपघातानंतर कॉलर धरायला सगळ्यात पुढे होते.

म्हणजे दोष आपला पालकांचाही. व्हॅन निवडताना आपण दोनच प्रश्न विचारतो. किती घेता? दारापर्यंत येता का? "गाडीखाली शेवटचं कधी बघितलं?" हे विचारलेला पालक मी अजून बघितला नाही.

शाळांचा आहे. महाराष्ट्रात २०११ पासून स्कूल बसचे वेगळे नियम आहेत. त्यात प्रत्येक शाळेची परिवहन समिती असावी, मुख्याध्यापक तिचे प्रमुख, असं म्हटलंय. तुमच्या मुलाच्या शाळेत ही समिती कोण आहे, माहीत आहे का? विचारून बघा. बहुतेक ठिकाणी "व्हॅन शाळेची नाही, पालकांनी परस्पर लावलेली आहे" हे एकच वाक्य ऐकायला मिळेल. मुलगा शाळेचा, गणवेश शाळेचा, फी शाळेची, आणि व्हॅन तेवढी कोणाचीच नाही!

आणि व्यवस्थेचा आहे. प्रवासी वाहनाला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दर वर्षी फिटनेस घ्यावं लागतं. रंग पिवळा आहे का, पट्टी आहे का, लाइट, हॉर्न, वायपर, प्रथमोपचार पेटी, आग विझवायचं नळकांडं. हे सगळं हवंच, मी नाही म्हणत नाही. पण वर्षातला एक दिवस सजवलेली गाडी दाखवायची आणि उरलेले ३६४ दिवस टक-टक करत फिरायचं, याला फिटनेस म्हणायचं? जिच्या अंगावर पांढरी पाटी आहे, म्हणजे जी कागदावर खाजगीच आहे, तिच्या नशिबी तर तो एक दिवससुद्धा नाही. आणि अशा गाड्यांत मुलं जात नाहीत असं आपल्या भागातल्या कोणी छातीवर हात ठेवून सांगावं.

२०२४ साली फिटनेसच्या उशिराला दिवसाला पन्नास रुपये दंड, यावरून रिक्षा-टॅक्सी संघटना रस्त्यावर उतरल्या. मागणी रास्त होती, गरीब माणसाला तो दंड झेपत नाही. पण त्या सगळ्या गदारोळात फिटनेसमध्ये नेमकं बघतात काय, हा प्रश्न एकाही भाषणात मी ऐकला नाही. भांडण फीचं झालं. तपासणीचं कोणाला पडलेलं नाही.

"मग जुन्या गाड्या भंगारातच काढा ना!"

हे वाक्य मला शिकलेली माणसं हमखास ऐकवतात. त्यांना माझं उत्तर सरळ आहे.

शेवटची ओम्नी २०१९ साली कारखान्यातून बाहेर पडली. म्हणजे आज रस्त्यावरची प्रत्येक ओम्नी जुनीच. उद्या सगळ्या भंगारात काढल्या तर खेड्यातली पोरं शाळेत यायची कशी? एसटीची वेळ शाळेला जुळत नाही. बापाकडे मोटरसायकल असली तरी केळीच्या कापणीच्या दिवसांत तो पहाटेच शेतात. मग सगळ्यात आधी शाळा कोणाची सुटते, हे मी सांगायला नको. मुलीची.

२०२१ मध्ये भंगार धोरण आलं. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या खाजगी कारची पुनर्नोंदणी ६०० रुपयांवरून ५००० वर गेली. हेतू चांगला असेल. पण ५००० रुपये भरल्याने क्रॉसमध्ये ग्रीस जात नाही. त्याच पैशात दोन्ही क्रॉस नवे पडून वर ब्रेकचं काम झालं असतं. वय हा कागदावर वाचायला सोपा आकडा आहे, म्हणून सरकार वय बघतं. झीज बघायला खाली वाकावं लागतं, म्हणून ती कोणी बघत नाही. पंधरा वर्षांची पण दर महिन्याला पोटाखाली बघितलेली व्हॅन मी माझ्या पोराला देईन. सहा वर्षांची, कधीच न बघितलेली, नाही देणार.

मागणी काय?

एक. प्रत्येक शाळेने महिन्यातून एक शनिवार ठरवावा. शाळेच्या मैदानावर सगळ्या व्हॅन उभ्या करा, एक जाणता मिस्तरी बोलवा, दोन पालक हजर ठेवा. क्रॉस, टायर, ब्रेक, दरवाजाचं लॉक. एका गाडीला दहा मिनिटं. वहीत नोंद, खाली सही.

दोन. क्रॉस गेलेला निघाला तर ती गाडी सोमवारी मुलं आणणार नाही. पण ड्रायव्हरच्या त्या दिवसाच्या पैशाला कोणी हात लावायचा नाही. नाहीतर तो पुढच्या शनिवारी येणारच नाही.

तीन. पालकांनी फी वेळेवर द्यावी आणि वर्षातून एकदा शंभर-दीडशे रुपये देखभालीचे वेगळे काढावेत. दहा-बारा मुलांचे मिळून दोन्ही क्रॉसचे पैसे तिथेच निघतात.

चार. आपल्या भागातल्या आयटीआयच्या पोरांना या शनिवारी हाताखाली घ्या. पुस्तकातला सांधा त्यांना खऱ्या गाडीखाली बघायला मिळेल.

पाच. आम्ही पत्रकारांनी "बालंबाल बचावले" हा शब्द वर्षभर बंद ठेवावा. त्याऐवजी काय तुटलं आणि ते कधीपासून आवाज करत होतं, हे लिहावं. सुरुवात मी करतोय.

जाता जाता

आपल्याकडे म्हण आहे, गाड्याबरोबर नळ्याची यात्रा. फुकटात फिरून येणाऱ्या माणसाला आपण ती चिकटवतो. पण तो नळा काय होता ते नव्या पोरांना विचारा, सांगता येणार नाही. बैलगाडीला टांगलेला वंगणाचा नळा तो. आपला आजा गाडी जुंपून बाजाराला निघाला, यात्रेला निघाला, की नळा सोबत असायचाच. आख कुरकुरला की गाडी थांबवायची, वंगण घालायचं, मगच पुढे. बैलांवर जीव होता म्हणून, आणि गाडीत घरची माणसं बसलेली असायची म्हणून.

आज आपल्या व्हॅनला पुढे लिंबू-मिरची लटकते, आरशाला काळा दोरा, काचेवर देवाचा फोटो. नळा मात्र कुठेच नाही.

त्या दिवशीचा तुटका क्रॉस चाचांकडून मागून आणलाय. माझ्या टेबलावर ठेवलाय. कोणत्याही मुख्याध्यापकांना, पालकांना, व्हॅनवाल्या काकांना हातात घेऊन बघायचा असेल तर घरी या, चहा पण देतो.

आणि उद्या सकाळी व्हॅन दारात आली की मोबाइल खिशात ठेवा आणि एक मिनिट कान द्या. "टक" ऐकू आलं तर पोराला त्या दिवशी स्वतः सोडा. आणि व्हॅनवाल्या काकांशी भांडू नका. त्यांच्यासोबत गॅरेजवर जा.

पटलं तर तुमच्या शाळेच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर मला सांगा, मी चुकलो कुठे. गप्प मात्र बसू नका. दोन महिने सगळे गप्प बसले होते, म्हणूनच तो तुटला.